तालमीची वेळ आणि कचेरीची वेळ



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, बखरींवर, नाटकांवर उत्तमोत्तम व्याख्याने झाली आहेत. त्या ओळीत व्यायामाचा विषय घेऊन उभा राहताना थोडा संकोच वाटतो, कारण मी पैलवान तर नाहीच, पण नियमित व्यायाम करणाराही कधी नव्हतो. विषय सुचला तो दवाखान्यात. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्ततपासणीचा कागद पुढे ठेवला आणि विचारले, ‘‘रोज चालता का?’’ मी सवयीने उत्तर दिले, ‘‘वेळ मिळत नाही.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘सर, तुम्ही निवृत्त झालात ना?’’

त्यावर मला काही बोलता आले नाही. घरी येताना मात्र, जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला पडावा तसा प्रश्न पडला. ‘वेळ मिळत नाही’ हे वाक्य आपण केव्हापासून म्हणू लागलो? पूर्वीच्या माणसांना वेळ मिळत होता तो कसा? आणि ज्यांना मिळत नव्हता त्यांनी काय केले? या प्रश्नांचा शोध घ्यायला बडोद्यासारखे गाव नाही. व्यायाम ही गोष्ट राजवाड्याच्या हौद्यातून निघून कारकुनाच्या ओसरीपर्यंत कशी पोचली, हे या एका शहराच्या आधाराने बरेचसे सांगता येते.

मेहनत, कसरत, तालीम

आधी शब्दांकडे पाहू. ‘व्यायाम’ हा पुस्तकातला संस्कृत शब्द. मातीतला माणूस म्हणे ‘मेहनत’. ‘किती मेहनत झाली?’ म्हणजे किती जोर, किती बैठका झाल्या. ‘कसरत’ हा शब्द अरबीतून आला. त्याच्या मुळाशी विपुलतेचा, पुष्कळपणाचा अर्थ आहे. एकच गोष्ट पुष्कळ वेळा करणे ती कसरत. आणि ‘तालीम’ म्हणजे मुळात शिक्षण. आपण नाटकाच्या सरावाला तालीम म्हणतो आणि मातीच्या हौद्यालाही तालीम म्हणतो, त्याचे कारण हेच. या तिन्ही शब्दांत छंदाचा किंवा फावल्या वेळेचा अर्थ कुठेही नाही.

हे सहज झालेले नाही. जुन्या काळी ज्यांनी मेहनत केली त्यांच्यापैकी पुष्कळांचा तो व्यवसायच होता. गुजरातेत मोढेऱ्याशी नाते सांगणारे ज्येष्ठीमल्ल, ज्यांना आपण जेठी म्हणतो, ते पिढीजात मल्ल होते. मल्लपुराण हा त्यांचा ग्रंथ. मल्लांचे प्रकार, मेहनतीचे प्रकार, ऋतूप्रमाणे खाणेपिणे असे विषय त्यात आहेत. सांडेसरा आणि मेहता यांनी त्याचे संपादन केले आणि १९६४ साली तो आपल्याच प्राच्यविद्या मंदिराच्या गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. खंडेराव महाराजांना, म्हणजे १८५६ ते १८७० या काळात गादीवर असलेल्या गायकवाडांना, कुस्तीचे वेड होते. त्यांच्या पदरी मल्ल होते. अशा मल्लाला ‘मेहनतीला वेळ कसा काढता?’ असे विचारणे म्हणजे शेतकऱ्याला ‘नांगराला वेळ कसा काढता?’ असे विचारण्यासारखे आहे. मेहनत हीच त्याची चाकरी, आणि तिच्यासाठी त्याला खुराक मिळे.

शिपायाचेही तसेच. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांचे नाव मल्लखांबाच्या संदर्भात आपण सर्वांनी ऐकले आहे. निजामाकडून आलेल्या मल्लांना आव्हान देण्यासाठी त्यांनी मल्लखांबाची विद्या सिद्ध केली, अशी परंपरा सांगितली जाते. मल्लस्तंभाचे उल्लेख बाराव्या शतकातील मानसोल्लासातही आहेत, तेव्हा खांब जुनाच. पण त्याला आजचे रूप आले ते बाळंभटदादा आणि त्यांच्या शिष्यपरंपरेमुळे. १८१८ साली पेशवाई गेली. फौजा मोडल्या. शिपायाच्या अंगातली विद्या राहिली, पण तिला पगार राहिला नाही. मेहनत प्रथमच पोटापासून सुटली. आता ती करायची, तर दुसरे काही काम करून, उरलेल्या वेळात.

घड्याळ आले

त्या ‘दुसऱ्या कामा’चे नाव कचेरी. इंग्रजी अमलात आणि पाठोपाठ संस्थानांतही कागदाचा कारभार वाढला. आपल्याकडे १८७५ साली सयाजीराव महाराज दत्तक आले आणि पुढच्या काही दशकांत बडोद्याच्या कारभाराचे रूप पालटले. खाती झाली, दफ्तरे झाली, ठरलेल्या वेळी हजर राहण्याचा नियम झाला. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर १८९६ सालचा. पहिल्या चिमणाबाई महाराणींच्या स्मरणार्थ तो बांधला गेला. त्याच्या घड्याळाने शहराला एक वेळ दिली. प्रहर आणि घटका यांत चालणाऱ्या गावात आता ‘साडेदहा’ला अर्थ आला.

कचेरीतला माणूस हा एक नवा प्राणी होता. बसून काम करणारा, मान खाली घालून लिहिणारा, घरी आल्यावरही डोक्यात काम असणारा. हमालाला, पाणक्याला, शेतावरच्या माणसाला व्यायामाची वाण नव्हती. त्यांना विश्रांतीची वाण होती. व्यायामाची वाण प्रथम पडली ती या लिहिणाऱ्याला आणि शिकणाऱ्या मुलाला. ‘वेळ नाही’ हे वाक्य मला वाटते त्यांच्या तोंडून निघाले, आणि त्यात लबाडी नव्हती.

याच काळातला एक दाखला सर्वांच्या परिचयाचा आहे. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून शरीरासाठी दिले. तालीम, पोहणे, खाणे, पचवणे, एवढाच कार्यक्रम. परीक्षेचे जे व्हायचे ते झाले. पुढे मंडालेची सहा वर्षे त्यांनी काढली, त्यामागे त्या वर्षाची शिदोरी होती असे त्यांचे चरित्रकार मानतात. ही गोष्ट आपण मुलांना उत्साहाने सांगतो. पण तिच्यात एक अडचण आहे, ती सांगत नाही. अख्खे वर्ष बाजूला काढण्याची सोय किती मुलांना असते? ज्याच्या निकालावर घर थांबले आहे, त्या मुलाला टिळकांचा मार्ग उपयोगी नाही. त्याला वर्ष नको असते, रोजची अर्धी घटका हवी असते.

दुसरा दाखला उलट्या बाजूचा, आणि आपल्या घरचा. सयाजीराव महाराजांच्या लहानपणीच्या शिक्षणात अभ्यासाबरोबर कुस्ती, मल्लखांब, घोडदौड यांनाही जागा होती. १८८१ साली अठराव्या वर्षी राज्याची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी स्वतःला कामाला असे जुंपले की चारपाच वर्षांतच प्रकृती ढासळली. झोप उडाली. अखेर वैद्यकीय सल्ल्याने १८८७ साली ते प्रथम युरोपला गेले. महाराजांच्या परदेशप्रवासांची पुढे पुष्कळ चर्चा झाली, टीकाही झाली. पण पहिला प्रवास हा मुळात अतिकामाने आजारी पडलेल्या तरुण माणसाचा प्रवास होता. ज्याच्या दारात तालीम, पागा, वस्ताद सगळे हजर, त्यालाही काम खाऊन टाकते, हे त्यावरून दिसते. साधने हाताशी असणे आणि दिवसात त्यांना जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुम्मादादांची तालीम

आता आपण बडोद्यातल्या त्या जागेकडे येऊ, जिचे नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो. जुम्मादादा हे जुन्या पद्धतीचे मुसलमान वस्ताद. त्यांचा शिष्य माणिकराव. गुरूच्या माघारी तालमीचे काम शिष्याने वाढवले आणि संस्थेला नाव ठेवले ते गुरूचे: जुम्मादादा व्यायाम मंदिर. आपण त्या नावाला इतके सरावलो आहोत की त्यातले विशेष दिसेनासे झाले आहे. ‘मंदिर’ या शब्दामागे एका मुसलमान वस्तादाचे नाव लावताना त्या हिंदू शिष्याला काही खुलासा करावासा वाटला नाही, आणि गावालाही तो मागावासा वाटला नाही. मातीत उतरताना वस्तादाला नमस्कार करायचा, एवढाच नियम होता. गेल्या काही दशकांत या शहराने जे दिवस पाहिले आहेत, ते आठवून हे नाव पुन्हा एकदा सावकाश वाचावे.

प्रो. माणिकरावांना पुढे संस्थानाने ‘राजरत्न’ म्हणून गौरविले. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बोथाटी अशा अनेक विद्या त्यांना येत. हाडे बसविण्यात त्यांचा हातखंडा होता. पण माझ्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम वेगळे आहे. जुन्या तालमीत वस्ताद एकेकाला शिकवी. त्यासाठी शिष्याने तासन्‌तास तिथे पडून राहावे लागे. आपली पाळी केव्हा येईल याचा नेम नसे. ही पद्धत मल्लासाठी ठीक, शाळकरी मुलासाठी नाही. माणिकरावांनी सांघिक व्यायामाची पद्धत बसवली. पुष्कळ मुलांनी रांगेत उभे राहावे, एकाने आज्ञा द्यावी, सर्वांनी एकदम हालचाल करावी. आज्ञा इंग्रजी कवायतीच्या न ठेवता त्यांनी आपल्या भाषेतल्या घडवल्या. इंग्रजी पलटणीच्या धर्तीवरचे हे काम देशी शब्दांत, देशी व्यायामांवर उभे राहिले.

याला राष्ट्रीय बाजू होती हे उघड आहे. वंगभंगानंतरचे ते दिवस. अरविंद घोष १९०६ पर्यंत बडोद्यातच होते. तालमींवर सरकारची नजर असे. पण वेळेच्या हिशोबाने पाहिले तर सांघिक व्यायामाने एक साधी गोष्ट साधली. एका वस्तादाच्या एका तासात आता शेकडो मुलांचा व्यायाम होऊ लागला, आणि मुलाला आधीच ठाऊक झाले की साडेसहाला सुरू होणार आणि साडेसातला सुटणार. ज्या मुलाला साडेदहाला शाळेत जायचे आहे, त्याला परवडेल असा हा व्यायाम होता. १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. शाळेत मुलांची संख्या वाढत असताना, पुष्कळ मुलांना एकाच वेळी शिकवता येईल अशी पद्धत याच गावात तयार होत होती. पुढे हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले आणि १९२३ साली बडोद्यात मोठ्या स्पर्धा भरवल्या. ठरलेले मैदान, ठरलेले खेळाडू, ठरलेली मिनिटे. खेळालाही घड्याळ लागले.

डंबेल सुटले, नमस्कार राहिले

दुसरा मार्ग निघाला तो साताऱ्याकडे, औंध संस्थानात. श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी हे त्याचे प्रवर्तक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या सुशिक्षित घरांतून युजेन सँडो या पैलवानाचे फार वेड होते. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याची पुस्तके, त्याची डंबेल मागवली जात. पंतांनीही १८९७ च्या सुमारास ती साधने आणवून दहाएक वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग जन्मभर त्यांनी तेच धरले. औंधच्या शाळांतून नमस्कार सुरू केले, पुस्तक लिहिले, चित्रे काढली, गावोगाव प्रात्यक्षिके दाखवली. इंग्लंडमध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत इंग्रजी वाचकांसमोर मांडली. ते पुस्तक १९३८ साली निघाले.

पंतांचा पालट कशामुळे झाला? देशाभिमान होता, धर्मभावना होती. पण कारकुनाच्या बाजूने पाहिले तर नमस्कारांत आणखी एक गुण आहे. त्याला साडेतीन हात जागा पुरते. वस्ताद लागत नाही, जोडीदार लागत नाही, माती लागत नाही, तालमीपर्यंत जाऊन यावे लागत नाही. पाऊस असला तरी चालतो. मेहनतीला लागणारा वेळ म्हणजे केवळ मेहनतीचा वेळ नव्हे. जाणे, येणे, तेल, आंघोळ, खुराक, थांबणे हे सगळे त्यात येते. नमस्कारांनी हा बाकीचा वेळ जवळजवळ संपवला. पंडित सातवळेकर हे औंधला राहून वेदांचे काम करीत आणि नमस्कारांचाही प्रचार करीत. पूर्वी त्यांचे वास्तव्य हैदराबादेत होते, आणि अखेरची वर्षे आपल्या गुजरातेत पारडीला गेली. १८६७ साली जन्मलेला हा माणूस १९६८ पर्यंत जगला आणि शेवटपर्यंत लिहीत राहिला. शतायुष्याचे श्रेय एकट्या नमस्कारांना देणे बरोबर होणार नाही. पण ग्रंथांत बुडालेल्या माणसाला परवडेल असा व्यायाम कोणता, याचे उत्तर त्यांच्या दिनक्रमात आहे.

तिसरे नाव पुन्हा आपल्या परिसरातले. डभोईला १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. १९०७ ते १९१० ही वर्षे त्यांनी माणिकरावांपाशी काढली. पुढे नर्मदाकाठी माळसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकले. मग त्यांनी एक नवीनच गोष्ट केली. आसने आणि क्रिया करताना शरीरात नेमके काय होते, हे यंत्राने पाहायचे ठरवले. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांचे पहिले प्रयोग झाले. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम निघाले आणि ‘योगमीमांसा’ सुरू झाले. त्यांनी लोकांसाठी आसनांचा जो पाठ्यक्रम छापला, त्यात पूर्ण क्रम दिला तसा छोटा क्रमही दिला. मला तो छोटा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला पूर्ण करणे जमत नाही त्याने सोडून द्यावे असे न म्हणता, त्याने एवढे करावे, असे एका जाणत्या माणसाने छापून सांगितले.

हा विचार तसा जुनाच आहे. आपल्या वैद्यकात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे वाग्भटाने सांगितले आहे, आणि तेही थंडीच्या व वसंताच्या दिवसांत. एरवी त्याहूनही कमी. शक्तीबाहेर मेहनत करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असा त्याचा दृष्टान्त आहे. आपल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात गामा पैलवानाने उचलला असे सांगितला जाणारा दगड आहे. आपण नातवंडांना तो कौतुकाने दाखवतो. त्याच्याशेजारी वाग्भटाचा सिंहही दाखवायला हवा. दगड पाहून घरी आलेला माणूस ‘हे आपल्याला जमणार नाही’ एवढेच शिकतो.

हे सगळे ज्ञान विखुरलेले राहू नये म्हणून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्यात बसून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड संपादित केले. पहिला १९३६ साली निघाला, शेवटचा १९४९ साली. जोर, बैठका, मल्लखांब, शस्त्रविद्या, खेळ, आहार, सगळे मराठीत. पुढल्या वर्षी त्याचे सार इंग्रजीतही आले. आपल्या भाषेतले एवढे मोठे काम महाराष्ट्राबाहेर, या गावात झाले, याचा आपल्याला जितका अभिमान असायला हवा तितका तो दिसत नाही. त्याचे खंड ग्रंथालयातून काढून पाहणारे थोडे.

आजोबांची घटका

येथवर मी पुरुषांची नावे घेत आलो. आता एक घरची गोष्ट सांगतो.

माझे आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते. पहाटे पाचला उठून तालमीत जात, जोर-बैठका मारीत, येऊन आंघोळ, पूजा, जेवण आणि साडेदहाला कचेरीत हजर. हे त्यांनी वयाच्या साठीपर्यंत केले. आमच्या घरात ही गोष्ट शिस्तीचा नमुना म्हणून सांगितली जाई. ‘आजोबांना वेळ मिळत होता, तुला कसा मिळत नाही?’ हे वाक्य मी वडिलांकडून शेकडो वेळा ऐकले आणि, सांगायला लाज वाटते, माझ्या मुलाला ऐकवले.

डॉक्टरांकडून आल्यावर मी याचा जरा बारकाईने विचार केला. आजोबांच्या बाजूने तीन गोष्टी होत्या. तालीम सात घरे सोडून होती. पहाटे शेजारचे एक गृहस्थ ‘‘यशवंतराव, चला’’ अशी हाक मारीत, आणि हाक आल्यावर अंथरुणात पडून राहण्याची सोय नव्हती. तालमीची वेळ ठरलेली होती. रोज सकाळी ‘आज जावे का?’ असा विचार करायचा नव्हता. म्हणजे ज्याला आम्ही निश्चय म्हणत होतो, त्यातला बराचसा भाग गल्लीचा होता.

आणि चौथी गोष्ट. आजी त्यांच्या आधी उठत असे. आजोबा तालमीत असत त्या वेळात तिचे दळण व्हायचे, पाणी भरून व्हायचे, चूल पेटायची, मुले उठायची. आजोबा परत येत तेव्हा बंब तापलेला आणि दूध उकळलेले असे. त्यांची ती एक घटका मोकळी होती, कारण तिच्यातले काम दुसरे कोणीतरी उचलत होते. आजीला कोणी व्यायामाचे विचारले असते तर लोक हसले असते. जात्यावर बसते, विहिरीचे पाणी ओढते, तिला वेगळा व्यायाम कशाला? हा युक्तिवाद त्या काळच्या भल्या भल्या माणसांनी केला आहे. पण श्रम आणि व्यायाम यांतला भेद वैद्यकाला ठाऊक होता. व्यायाम अर्ध्या शक्तीशी थांबवायचा असतो. दळण अर्ध्यावर थांबवता येत नाही. आजीची पाठ पन्नाशीत वाकली. आजोबांची सत्तरीतही ताठ होती.

बदल झाला नाही असे नाही. औंधच्या राणीसाहेब नमस्कार घालीत आणि पंतांनी स्त्रियांसाठी त्याचा आग्रहाने प्रचार केला. आपल्याच शहरात आर्यकन्या महाविद्यालयाच्या मुली लाठी-लेझीम शिकल्या, त्यांच्या प्रात्यक्षिकांचे कौतुक झाले. पण मुलगी शाळेत होती तोवर तिची घटका तिची होती; लग्नानंतर ती परत घरात गेली. आज जाते नाही, विहीर नाही. तरी सकाळी सहा ते साडेसात हा वेळ डबे, शाळेची बस आणि नवऱ्याचा चहा यांत कोण घालवते, हे आपण आपापल्या घरी पाहावे. सकाळी फिरायला जाणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींत पुरुष किती आणि बायका किती, हेही एकदा मोजावे. मी मोजले. आकडा सांगत नाही.

मग काय करायचे?

इतिहासाने उपदेश करू नये, असे मी वर्गात सांगत असे. पण आज एवढे सांगून थांबलो तर तुम्ही म्हणाल, सर, गोष्टी सांगितल्या, पुढे काय?

या सगळ्या हकिकतींतून मला एक दिसते. ज्यांनी ज्यांनी लोकांना व्यायामाला लावले, त्यांनी नुसते ‘वेळ काढा’ असे सांगितले नाही. माणिकरावांनी तास ठरवून दिला आणि सोबत दिली. पंतांनी जागेची आणि साधनांची गरज कमी केली. कुवलयानंदांनी ज्याला थोडाच वेळ आहे त्याच्यासाठी थोडा क्रम लिहून दिला. आजोबांना शेजाऱ्याने हाक दिली आणि आजीने सकाळ दिली. माझ्या बाबतीत डॉक्टर कागदावर ‘चालणे’ लिहीत राहिले, मी तो कागद फायलीत लावत राहिलो. बदल झाला तो समोरच्या घरातले जोशीकाका सहाला जिन्याखाली येऊन उभे राहू लागले तेव्हा. आणि सौ.ने सांगितले की तुम्ही सहाला जाणार असाल तर मी संध्याकाळी सहाला जाईन, तेव्हा कुकर तुम्ही लावायचा. गेली दोन वर्षे कुकर मी लावतो. शिट्ट्या मोजणे अजून चुकते.

म्हणून शेवटी संस्थेच्या कार्यकारी मंडळाकडे एक मागणी करतो. या सभागृहाच्या मागे जे पटांगण आहे, ते सकाळी कुलूपबंद असते. सहा ते साडेसात, आणि संध्याकाळी सहा ते सात, ते उघडे ठेवावे. सकाळची वेळ सर्वांसाठी, संध्याकाळची विशेषतः घरातल्या बायकांसाठी, कारण त्यांची सकाळ मोकळी नसते हे आत्ताच आपण पाहिले. यंत्रे नकोत, खर्च नको. एक सतरंजी, एक दिवा आणि किल्ली ज्याच्याकडे असेल असा एक वक्तशीर माणूस पुरे. संस्थेच्या ग्रंथालयात व्यायाम ज्ञानकोशाचे खंड असतील तर ते कपाटातून काढून त्या खोलीत ठेवावेत, म्हणजे कोणी उघडून पाहील.

किल्लीची जबाबदारी घ्यायला कोणी नसेल, तर सकाळची मी घेतो. मला सहाला तसेही उठावेच लागते. जोशीकाका खाली उभे असतात.